बनावट कीबोर्डने ऑफिसात खोडी काढायची आहे – बोर्ड कुठला घ्यावा, बटण कुठलं दाबावं?

रात्रपाळी (धागाकर्ता)

मंडळी, मी भोसरी एमआयडीसीतल्या एका डिझाइन ऑफिसात काम करतो. आमचे सर्वात सिनियर ड्राफ्ट्समन ३१ मार्चला निवृत्त होताहेत. सगळं ऑफिस त्यांना काका म्हणतं. ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअरवर हात बसलेला माणूस, पण खोड्या काढण्यात पंचविशीतल्या पोरांना मागे टाकेल. माउसच्या पोटाला चिकटपट्टी लावायची, डेस्कटॉपचा फोटो काढून तोच वॉलपेपर ठेवायचा आणि खरे आयकॉन लपवायचे, कंट्रोल-ऑल्ट-बाण दाबून स्क्रीन उलटी करायची, असे सगळे प्रकार आम्ही त्यांच्या हातून सोसले आहेत. ते जायच्या आत एकदा तरी परतफेड करायची, असं टीमने ठरवलंय.

डोक्यात आहे ते असं : छोटासा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (प्रोग्राम घालता येणारी चिप बसवलेला) डॉकच्या, म्हणजे लॅपटॉपला कीबोर्ड-मॉनिटर जोडायच्या डब्याच्या, मागे यूएसबीला लावायचा. त्याने संगणकाला 'मी कीबोर्ड आहे' असं सांगायचं आणि अधूनमधून कॅप्स लॉक दाबायचं. एवढंच.

माझ्याकडे आर्ड्युइनो उनो हा हौशी लोकांचा तसलाच एक बोर्ड पडून आहे. त्यावर हे जमेल का? नाहीतर कुठला बोर्ड घेऊ? अट एकच, काकांच्या कामाला धक्का लागता कामा नये. शेवटच्या आठवड्यातही ते ड्रॉइंग्ज तपासून सही करणार आहेत.

---

कथील_आणि_फ्लक्स

जुना उनो (आर३) असेल तर सरळ जमणार नाही. त्यावरच्या मुख्य चिपला, एटमेगा ३२८पी ला, यूएसबी कळतच नाही. यूएसबीचं बोलणं शेजारची छोटी १६यू२ चिप करते आणि पुढे सीरियलने पोचवते. त्या १६यू२ मध्ये दुसरं फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्राम) घालून उनोचा कीबोर्ड करता येतो, पण दर वेळी स्केच, म्हणजे आपण बोर्डवर चढवतो तो प्रोग्राम, बदललं की फर्मवेअर मागेपुढे करत बसायचं. एका खोडीसाठी एवढा उपद्व्याप करू नका.

एटमेगा ३२यू४ असलेला बोर्ड घ्या. लिओनार्डो किंवा त्याचंच छोटं रूप प्रो मायक्रो. या चिपमध्ये यूएसबी आतच आहे. आर्ड्युइनोची स्वतःची कीबोर्ड लायब्ररी (तयार कोड) थेट चालते. ३२ केबी फ्लॅश आणि अडीच केबी रॅम तुमच्या कामाला भरपूर झाली. प्रो मायक्रो अंगठ्याएवढा असतो, डॉकमागे सहज लपेल.

तुमचा उनो २०२३ नंतरचा आर४ असेल तर मात्र तोच वापरा. त्याला कीबोर्ड होता येतं.

पुण्यातच आहात तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चक्कर मारा. घेताना ५ व्होल्टवाला की ३.३ व्होल्टवाला ते विचारून घ्या. आयडीईमध्ये (स्केच लिहून चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) चुकीचा प्रकार निवडून स्केच चढवलं की बोर्ड संगणकाला दिसेनासा होतो आणि माणसं तो मेला म्हणून फेकून देतात.

---

खारीचा_वाटा

वाचतेय. काकांनी हा धागा वाचला नाही म्हणजे मिळवली!

---

लॅमिंग्टनचा_राजा

३२यू४ कशाला? डिजिस्पार्क घ्या. एटीटायनी८५ वर चालतो, त्याच्याहून स्वस्त मिळतो, आणि सर्किट बोर्डाचंच टोक यूएसबीत घुसतं, केबलसुद्धा नको. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगाने पडलेले असतात.

---

कथील_आणि_फ्लक्स

@लॅमिंग्टनचा_राजा, डिजिस्पार्क मलाही आवडतो, पण इथे नको. एटीटायनी८५ ला यूएसबीचं हार्डवेअरच नाही. व्ही-यूएसबी नावाची लायब्ररी दोन पिना खालीवर करून लो-स्पीड यूएसबीचं सोंग आणते. काही यूएसबी ३ पोर्टांना आणि डॉकना ते सोंग पटत नाही. वर प्लग केल्यावर सुरुवातीचे काही सेकंद बूटलोडर नवीन प्रोग्रामची वाट बघतो, तेव्हा तो वेगळंच उपकरण म्हणून दिसतो. धागाकर्त्यांना डॉकमागे लावायचाय आणि डॉक म्हणजे बहुधा यूएसबी ३. त्या दिवशीच चाललं नाही तर सगळी मजा गेली.

---

बाइटभर

कीबोर्ड नेमकं काय पाठवतो ते थोडक्यात सांगतो, पुढच्या चर्चेला उपयोग होईल.

साधा कीबोर्ड प्रत्येक वेळी ८ बाइटचा एक रिपोर्ट पाठवतो. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट, विंडोज ही बटणं, एकेका बिटला एक. दुसरा बाइट रिकामा. उरलेल्या सहांत त्या क्षणी दाबलेल्या बटणांचे आकडे. इंग्रजी 'ए'च्या बटणाचा आकडा ४, एंटरचा ४०, कॅप्स लॉकचा ५७, स्क्रोल लॉकचा ७१, नम लॉकचा ८३. बटण सोडलं की सगळी शून्यं. 'सोडलं' हा रिपोर्ट पाठवायला विसरलात तर संगणकाला वाटतं बोट अजून बटणावरच आहे, आणि अक्षरांची रांग लागते.

यात कीबोर्डची ओळख पटवणं असं काही नाही. उपकरण म्हणालं मी कीबोर्ड, की संगणक मान डोलावतो. ड्रायव्हर मागत नाही, परवानगी विचारत नाही. विचारणार तरी कसा? 'हो' म्हणायला कीबोर्डच लागतो ना! तुमची खोडी याच विश्वासावर उभी आहे.

---

पहारेकरी

माझं कामच सुरक्षेचं आहे, म्हणून थोडं कडक लिहितोय.

या विश्वासाचा गैरफायदा घेणं हा एक जुना आणि गंभीर प्रकार आहे. २०१४ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी 'बॅडयूएसबी' दाखवलं. साध्या पेनड्राइव्हचं फर्मवेअर बदलून त्यांनी त्याला कीबोर्ड बनवलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये एफबीआयने इशारा दिला की फिन७ ही गुन्हेगारी टोळी अमेरिकेतल्या कंपन्यांना टपालाने अशाच यूएसबी काड्या पाठवतेय, कधी ॲमेझॉनची भेट म्हणून, कधी आरोग्य खात्याचं पत्र म्हणून. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी तर आवारात २९७ पेनड्राइव्ह टाकून पाहिले होते. त्यातल्या ४५ टक्क्यांमधल्या फायली कुणी ना कुणी उघडल्या.

त्यामुळे आयटी विभागाला अनोळखी कीबोर्ड दिसला की ते त्याला गंमत समजत नाहीत, आणि समजूही नये. आपल्याकडच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, २००० च्या, कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात केलेल्या ढवळाढवळीबद्दल आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचा हेतू तसा नाही हे दिसतंय. पण संगणक काकांचाही नाही, कंपनीचा आहे. कंपनीला विचारा.

---

झणझणीत

अहो पहारेकरी, कॅप्स लॉक दाबायचंय फक्त. त्यात एफबीआय कुठं आणता राव! उद्या वाढदिवसाला फुगा फोडायचा तर बॉम्बशोधक पथक बोलवायचं का?

---

पहारेकरी

@झणझणीत, फुगा फुटला की सगळ्यांना दिसतो. डॉकमागचा बोर्ड बाहेरून बघणाऱ्याला तुमच्या कॅप्स लॉकवाल्या बोर्डासारखा दिसतो की चोराच्या बोर्डासारखा, ते सांगता येत नाही, कारण हार्डवेअर एकच आहे. आयटीवाल्याला आधी सांगून ठेवायला पाच मिनिटं लागतात. तेवढंच मागतोय.

---

तलाठी_नव्हे_पण

पहारेकरींशी सहमत. आणि एक किस्सा.

तालुक्याच्या गावी एका कार्यालयात एका हौशी पोराने असाच बोर्ड आणला होता. बेत असा : विंडोज-आर दाबायचं, 'नोटपॅड' टाइप करायचं, एंटर, आणि मग 'चहा सांगा' असा मजकूर. घरच्या लॅपटॉपवर पठ्ठ्याने दहादा करून पाहिलं होतं. इकडे लावला आणि रन खिडकीत आलं 'लदूाजो्'. विंडोज म्हणाली, असं काही सापडत नाही. ऑपरेटर बाईंनी शांतपणे खिडकी बंद केली आणि पुढचा दाखला घेतला.

कारण बाइटभरांनी वर दिलंच आहे. बोर्ड अक्षर पाठवत नाही, बटणाची जागा पाठवतो. त्या जागेचं अक्षर कुठलं, ते संगणकावर त्या वेळी कुठला लेआउट (बटणांवरच्या अक्षरांची मांडणी) चालू आहे त्यावर ठरतं. बाईंच्या मशीनवर मराठी इनस्क्रिप्ट चालू होता. तिथे इंग्रजी 'एन'च्या जागी ल, 'ओ'च्या जागी द, 'टी'ला दीर्घ ऊकार, 'ई'ला काना, 'पी'ला ज.

---

खारीचा_वाटा

लदूाजो् !!! आता आमच्या घरी नोटपॅडला हेच नाव.

पण मग या बोर्डाने मराठी टाइप करायचंच असेल तर?

---

तलाठी_नव्हे_पण

@खारीचा_वाटा, समोर इनस्क्रिप्ट चालू आहे अशी खात्री असेल तर एकदम सोपं. 'नमस्कार' हवा असेल तर इंग्रजी कीबोर्डवरची व्ही, सी, एम, डी, के, ई, जे ही बटणं ओळीने पाठवा. न, म, स, हलन्त, क, काना, र. सातही बटणं शिफ्टशिवाय. महाप्राण अक्षरांना शिफ्ट लागतं : के म्हणजे क, शिफ्ट-के म्हणजे ख. हलन्त 'डी'वर आहे हे एकदा बोटात बसलं की जोडाक्षरांची भीती जाते.

लेआउट कुठला आहे ते बोर्डाला संगणकाकडून कळत नाही, हीच अडचण. म्हणून असला मजकूर टाइप करायची खोडी मी तरी करणार नाही. भलत्या खिडकीत जाऊन पडला तर?

---

सांगलीचा_किराणा

भलत्या खिडकीवरून आठवलं. आमच्या दुकानातली बारकोड गन म्हणजे पण कीबोर्डच हो! मला हे कळायला दोन वर्षं लागली असती, पण एका दुपारी पोराने बिलाच्या मशीनवर व्हॉट्सॲप उघडून ठेवलं होतं, गिऱ्हाइकांचा ग्रुप. मी आपला माल स्कॅन करतोय आणि ग्रुपवर ८९० ने सुरू होणारे तेरा आकडी नंबर धडाधड चाललेत, प्रत्येकाच्या शेवटी गन स्वतःच एंटर दाबते ना. पलीकडून एका काकूंनी विचारलं, "लॉटरी लागली का कुणाला?"

तेव्हा धागाकर्ते, एंटर काही झालं तरी पाठवू नका.

---

बाइटभर

@सांगलीचा_किराणा, अगदी बरोबर उदाहरण दिलंत. बऱ्याचशा बारकोड गन कारखान्यातून कीबोर्ड म्हणूनच येतात, म्हणून कुठल्याही बिलिंग सॉफ्टवेअरला चालतात. बँका आणि कंपन्यांत लॉगिनला वापरतात त्या युबिकीसारख्या चाव्यासुद्धा बटण दाबल्यावर कीबोर्ड बनून एकवेळचा पासवर्ड टाइप करतात. बनावट कीबोर्ड आपल्या आजूबाजूला भरलेत.

---

अमरावतीची_संत्री

खोडी बाजूला ठेवून एक सांगू का? मी याच तंत्राने बाबांसाठी एक डबा केलाय. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात नीट चालत नाही, पण रोज पेपर वाचायचा आणि भजनं ऐकायची हा नेम सुटलेला नाही. रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला, लाकडी डब्यात व्हिडिओ गेमच्या मशीनला असतात तसली तीन मोठी बटणं बसवली. हिरवं दाबलं की पान खाली सरकतं. पिवळं दाबलं की कंट्रोल आणि अधिक, म्हणजे अक्षर मोठं. लाल दाबलं की भजन थांबतं किंवा सुरू होतं.

सर्किटपायथनमध्ये (असल्या बोर्डांसाठीची पायथन भाषा) केलं. ॲडाफ्रूट कंपनीची एचआयडी (कीबोर्ड-माउससारखी उपकरणं) लायब्ररी आहे, प्रोग्राम वाचून लगेच समजतो. अडकले ते लाल बटणावर. चालू-थांब, आवाज कमी-जास्त ही बटणं कीबोर्डच्या आकड्यांत पाठवून काही होईना. ती 'कन्झ्युमर कंट्रोल' नावाच्या वेगळ्या गटात येतात आणि त्यांचा रिपोर्टही वेगळा असतो. ते कळल्यावर लगेच चाललं.

बाबा आता रिमोट म्हणूनच त्या डब्याकडे बघतात. शेजारच्या आजींसाठी दुसरा डबा करायला घेतलाय. ज्यांच्या घरी कुणाला माउस धरता येत नाही त्यांनी हे नक्की करून पाहा, पिको फार महाग नाही आणि सोल्डरिंग थोडंसंच लागतं.

---

कथील_आणि_फ्लक्स

@अमरावतीची_संत्री, फारच छान. वेगळा धागा काढाच, फोटोंसकट. मोठं बटण घेताना किती जोर लागतो ते बघता का? अशक्त हातांना हलकी स्प्रिंग बरी पडते.

---

अमरावतीची_संत्री

हो, स्प्रिंग बदलूनच लावली. धागा काढते.

---

जर्सीचा_गारठा

अवांतर : अमेरिकेत थिंकगीक नावाच्या साइटवर 'फँटम कीस्ट्रोकर' म्हणून हीच वस्तू तयार मिळायची. कॅप्स लॉक चालू-बंद करायची, माउस हलवायची, मध्येच काहीबाही टाइप करायची. २०१९ मध्ये ती साइट बंद झाली.

आणि पहारेकरींच्या बाजूने एक. २०२४ मध्ये वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून जास्त लोकांना काढलं. कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण करून काम करत असल्याचं भासवलं, असा ठपका होता. तेव्हापासून इकडे कित्येक कंपन्या असल्या उपकरणांवर डोळा ठेवून आहेत. खोडी आणि ते दोन्ही वेगळं आहे हे मला मान्य, पण लॉगमध्ये दोन्हीची नोंद सारखीच दिसते.

---

झणझणीत

ठीक आहे, पटलं. आयटीला सांगा. पण आता कुणीतरी मूळ प्रश्नाकडे या! कॅप्स लॉक कधी दाबायचं? दर मिनिटाला?

---

कॅडची_कटकट

मीही वीस वर्षं ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवरच आहे म्हणून सांगते, कॅप्स लॉकने काकांना काहीही कळणार नाही! ड्रॉइंगवरच्या नोंदी सगळ्या कॅपिटलमध्येच लिहितो आपण, आणि कमांड लहान अक्षरात द्या की मोठ्या, ऑटोकॅडला चालते. जुन्या ड्राफ्ट्समनचं कॅप्स लॉक सकाळी चालू होतं ते संध्याकाळीच बंद होतं. तुमचा बोर्ड ते बंद करेल आणि काकांचं लक्षही जाणार नाही.

पण त्याहून महत्त्वाचं. इथे दोघातिघांच्या डोक्यात 'मध्येच एखादी स्पेस टाकू' असं असेल तर कृपा करा. ऑटोकॅडमध्ये स्पेसबार म्हणजेच एंटर, आणि रिकाम्या कमांड लाइनवर एंटर म्हणजे मागची कमांड पुन्हा. मागची कमांड इरेज असेल तर?

एफ८ ने ऑर्थो (रेघ सरळ आडवी-उभीच काढणं) आणि एफ३ ने ऑब्जेक्ट स्नॅप (रेघ दुसऱ्या रेघेच्या नेमक्या बिंदूला चिकटणं) चालू-बंद होतं, तेही करू नका. दिसायला गंमत वाटते, पण स्नॅप बंद असताना काढलेली रेघ दुसऱ्या रेघेला टेकल्यासारखी दिसते आणि टेकलेली नसते. ते ड्रॉइंग शॉप फ्लोअरला गेलं, प्लेट कापली गेली, मग हसणार कोण?

---

रात्रपाळी

@कॅडची_कटकट, हे फार मोलाचं सांगितलंत. काकांचं कॅप्स लॉक खरंच कायम चालू असतं, आज जाऊन पाहिलं. मग नम लॉक कसं वाटतं? मापं ते नंबरपॅडवरूनच घालतात.

---

कॅडची_कटकट

नको. नम लॉक बंद असताना नंबरपॅडवरचा दशांशाचा ठिपका म्हणजे डिलीट. एखादी वस्तू निवडलेली असेल तर उडाली. अंडू आहे, पण लक्षात आलं तर. ऑटोकॅड समोर असताना कुठलंच बटण नको, असं माझं स्पष्ट मत.

काका मटेरियलची यादी एक्सेलमध्ये करतात का?

---

रात्रपाळी

करतात. रोज जेवणानंतर बीओएम, म्हणजे तीच मटेरियलची यादी, बघायला बसतात.

---

कॅडची_कटकट

मग स्क्रोल लॉक! एक्सेलमध्ये ते चालू झालं की बाण दाबल्यावर निवडलेला सेल जागेवर राहतो आणि सगळी शीटच सरकते. डेटा एका अक्षराने बदलत नाही. आणि हल्लीच्या कित्येक लॅपटॉपवर स्क्रोल लॉकचं बटणच नसतं, दिवाही नसतो, म्हणजे बंद कुठून करायचं ते शोधायला लागतं. खाली स्टेटस बारवर बारीक अक्षरात लिहून येतं तेवढंच. शेवटी ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून त्यावरचं बटण दाबायचं.

---

बाइटभर

टाळ्या! आणि तांत्रिकदृष्ट्याही हेच सर्वात चांगलं. का ते सांगतो.

विंडोज लॉकची स्थिती सगळ्या जोडलेल्या कीबोर्डांना कळवते, दिवे लावण्यासाठी. तो निरोप तुमच्या बोर्डालाही येतो : पहिला बिट नम, दुसरा कॅप्स, तिसरा स्क्रोल. म्हणजे स्क्रोल लॉक आत्ता चालू आहे की बंद, हे बोर्डाला नेमकं कळू शकतं. आर्ड्युइनोच्या साध्या कीबोर्ड लायब्ररीत हे वाचायची सोय नाही. निकोहूडची 'एचआयडी-प्रोजेक्ट' लायब्ररी घ्या, तिच्यातल्या बूटकीबोर्डमध्ये आहे.

त्यामुळे तीन गोष्टी करता येतात. बोर्डाने लॉक चालू करायचं आणि दीडदोन मिनिटांनी स्वतःच बंद करायचं, आधीच बंद केलेलं असेल तर हात लावायचा नाही. दोन वेळांमधलं अंतर रँडम ठेवायचं, नाहीतर काका घड्याळ लावून पकडतील. आणि तिसरी सर्वात महत्त्वाची : कुणी काकांच्याच कीबोर्डवरून कॅप्स लॉक तीनदा पटापट दाबलं तर बोर्डाने कायमचं गप्प बसायचं. निरोप येतोच, फक्त मोजायचा. अचानक महत्त्वाचं काम निघालं तर डॉकमागे हात घालायला नको.

---

गोंयकार_मॅकवाला

मॅकवर यातलं बरंच चालणार नाही हं. अनोळखी कीबोर्ड लावला की मॅक स्वतःच खिडकी उघडून 'डाव्या शिफ्टशेजारचं बटण दाबा' म्हणतो. ॲपल सिलिकॉनच्या लॅपटॉपवर व्हेंचुरापासून यूएसबी उपकरणाला आधी परवानगी द्यावी लागते. आणि कॅप्स लॉक तिथे ज्याच्या त्याच्या कीबोर्डापुरतं असतं.

---

रात्रपाळी

काकांचं विंडोजच आहे. सगळ्यांचे आभार, प्रो मायक्रो आणलाय. आज आयटीवाल्यांशी आणि आमच्या मॅनेजरबाईंशी बोललो. दोघांनी होकार दिला, अटी घालून : फक्त एका दुपारी, ऑटोकॅड बंद असताना, आणि बोर्ड आधी त्यांना दाखवायचा. आयटीवाल्याने त्याचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी (यूएसबी उपकरण संगणकाला सांगतं ते ओळख क्रमांक) लिहून घेतला आणि स्केच ओळ न् ओळ वाचलं. वर म्हणाला, लावायच्या वेळी मला पण बोलव.

---

पहारेकरी

उत्तम. आयटीवाल्याने कोड वाचला हे विशेष आवडलं.

---

कथील_आणि_फ्लक्स

चाचणी घेताना एक काळजी घ्या. स्केचमध्ये चूक राहिली की बोर्ड लावल्या क्षणी बटणं दाबत सुटतो, आयडीईमध्ये दुरुस्त करायला जावं तर तिथेही तोच टाइप करतो. एक पिन ग्राउंडला जोडलेली असेल तरच काम सुरू, अशी अट पहिल्याच ओळीत घाला. तरी अडकलात तर रीसेट पिन पटकन दोनदा ग्राउंड करा. बूटलोडर ८ सेकंद थांबतो, तेवढ्यात चांगलं स्केच चढवा.

---

झणझणीत

३१ तारीख झाली. रात्रपाळी, कुठं आहात? सगळं कोल्हापूर वाट बघतंय.

---

रात्रपाळी

आलो. कार्यक्रम रंगला!

जेवणानंतर काकांनी बीओएम उघडली. शीट सरकायला लागली. आधी त्यांनी बाणाची बटणं फुंकली. मग कीबोर्ड उलटा करून आपटला. मग शेजारच्या पोराशी कीबोर्ड बदलला. तेवढ्यात बोर्डाने लॉक बंद केलेलं, त्यामुळे नवीन कीबोर्ड चांगला निघाला आणि जुन्याला शिव्या बसल्या. पाच मिनिटांनी नवीनही बिघडला. आयटीवाला फोनवर बोलण्याचं नाटक करत भिंतीकडे तोंड करून उभा होता, हसू आवरत नव्हतं त्याला.

काकांनी स्टेटस बार वाचला तेव्हा खेळ निम्मा संपला. ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून त्यांनी लॉक काढलं, आणि ते पुन्हा लागलेलं बघून सरळ डिव्हाइस मॅनेजर उघडला. कीबोर्डांची यादी वाचली, आपल्या टेबलावरचे मोजले, एक जास्त निघाला. मग एकेक केबल काढत डॉकपर्यंत आले. प्रो मायक्रो हातात धरून पहिला प्रश्न कुणी केलं हा नव्हता. "याला दिव्यांची माहिती कशी कळते?" असं विचारलं. मग त्यांना शेजारी बसवून आम्ही दोघांनी सगळं स्केच वाचलं. बोर्ड तेच घेऊन गेलेत. घरी नातवासोबत काहीतरी करणार म्हणाले.

@अमरावतीची_संत्री, त्यांना तुमच्या डब्याबद्दल सांगितलं. त्यांच्या सौ.ना संधिवात आहे. हलकी स्प्रिंग कुठली घेतलीत ते जरा सांगाल का?

---

अमरावतीची_संत्री

नक्की सांगते. बटणाच्या खाली जो मायक्रोस्विच असतो तो वेगळा निघतो. दुकानात नुसता मायक्रोस्विच मागा, तो दाबायला किती ग्रॅम जोर लागतो ते त्यावर छापलेलं किंवा दुकानदाराला माहीत असतं. कमी ग्रॅमचा घ्या, आणि बटणातली मोठी स्प्रिंग काढून बॉलपेनची लावून बघा. माझ्या बाबांना तेवढ्यावर भागलं.

---

खारीचा_वाटा

प्रो मायक्रोऐवजी माझ्याकडे पिको आहे. वरची स्क्रोल लॉकची गंमत त्यावर होईल का?

---

बाइटभर

होईल. ॲडाफ्रूटच्या लायब्ररीतही दिव्यांची स्थिती वाचता येते. फक्त सर्किटपायथनचा बोर्ड लावला की त्याची ड्राइव्हपण दिसते, काका लगेच पकडतील. बूटच्या फाइलमध्ये ती ड्राइव्ह बंद करून ठेवा. पण बंद करण्याआधी, एक बटण दाबून लावलं तर ड्राइव्ह चालूच राहील अशी अट घाला. नाहीतर पुढच्या वेळी प्रोग्राम बदलायला आत जाणं कटकटीचं होईल.